चॅट्सवर्थला एकच दिवस असेल तर वाडा की बाग?

आई-बाबांना घेऊन इंग्लंडमधल्या डर्बीशायरला एकच दिवस जाणार आहात, आणि चॅट्सवर्थचा वाडा आतून बघावा की नुसती बाग, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: बाग. फक्त बागेचं तिकीट वेगळं मिळतं. शे-सव्वाशे एकराचा हा पसारा नीट बघायचा तर दिवस सहज जातो.

ही बाग पाण्यामागे चालत बघा. वाड्यामागच्या टेकडीवर, माळावर तळी खोदलेली आहेत आणि तिथून पाणी केवळ उताराने खाली येतं. कारंज्यांना पंप नाहीत. रशियाचा झार निकोलस पहिला येणार म्हणून 1844 मध्ये इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनने एम्परर कारंजं बांधलं. त्यासाठी वर मुद्दाम आठ एकरांचं तळं खणलं. झार आलाच नाही, पण कारंज्याची धार 90 मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. पावसाने ओढ दिली की ते बंद ठेवतात, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात त्याच्याच भरवशावर जाऊ नका.

कॅस्केड, म्हणजे पायऱ्यांवरून वाहणारा धबधबा, त्याहून जुना, 1690च्या दशकातला. दगडी पायऱ्यांचे 24 टप्पे आहेत आणि ते सारखे नाहीत, त्यामुळे पाण्याचा आवाज टप्प्याटप्प्याला बदलतो. मला ही कल्पना साऱ्या बागेत सर्वांत आवडते. सध्या त्याच्या दुरुस्तीचं मोठं काम हाती घेतलंय. पाणी सोडलंय का, हे निघण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या.

आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर चढ टाळा. वाड्याजवळचा लांबट कॅनॉल पाँड सपाटीवर आहे, एम्परर त्यातच उडतं. चढ झेपत असेल तर बागेबाहेरच्या स्टँड वुड जंगलात वर जा. तिकीट लागत नाही, आणि बागेला पाणी देणारं तळं तिथेच दिसतं.

एक गोष्ट बाबांना जरूर सांगा, विशेषतः ते खानदेशातले असतील तर. पॅक्स्टन 1826 मध्ये, विशीतच इथला मुख्य माळी झाला. त्याने काचघरात बुटकी केळी वाढवली, 1835 मध्ये ती फुलली, आणि मालक असलेल्या ड्यूकच्या आडनावावरून तिला केव्हेंडिश नाव पडलं. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन त्याच गटातल्या. पुढे त्याने इथे ग्रेट कॉन्झर्व्हेटरी हे प्रचंड काचघर उभारलं, आणि तो अनुभव 1851 च्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या इमारतीला कामी आला. पहिल्या महायुद्धात काचघर उबदार ठेवायला कोळसा नव्हता, माणसं नव्हती, आतली झाडं मेली. 1920 मध्ये ते काचघर पाडलं. त्या जागी आता यू झाडांचा भुलभुलैया आहे. तिथे गेल्यावर जुन्या पायाच्या भिंती बघायला विसरू नका.

गाडी नसेल तर शेफिल्डहून बस येते. मे-जूनमध्ये जमलं तर उत्तम, ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असतात. उन्हाळा असला तरी आई-बाबांसाठी रेनकोट आणि न घसरणारे बूट घ्याच. कारंज्याजवळ वारा फिरला की तुषार थेट वाटेवर येतात.