तीस हजारांचं सामान आत्ताच घ्यावं का?

नाशिकहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय इतिहास. तांबट आळीतल्या जुन्या कारागिरांच्या मुलाखती ती मोबाइलवर घेते, पण घरी येऊन ऐकते तर निम्मं बोलणं पंख्याच्या घरघरीत बुडालेलं. आता तिला रेकॉर्डिंगचं तीस हजारांचं सामान हवं आहे. आई विचारतात, एवढे पैसे घालावेत का, आणि यात तिचं पोट भरेल का?

ताई, पैसे आत्ता घालू नका. पण तिला थांबवूही नका.

तिचं बिघडतंय ते अंतरामुळे. माइक तोंडापासून दुप्पट लांब गेला की बोलणं सुमारे सहा डेसिबलनं पडतं, पंखा मात्र तेवढाच राहतो. कॉलरला लावायचा वायरचा साधा माइक घ्या. तो हनुवटीखाली एक वीत, पदर किंवा उपरणं घासणार नाही असा लावायचा. सोबत कान पूर्ण झाकणारे हेडफोन, तेही मुलाखतभर कानावर. आपला कान पाच मिनिटांत पंखा विसरतो, माइक विसरत नाही.

मग खोली. गाद्या-गोधड्यांची खोली बरी, तिथे आवाज घुमत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद. स्वतःच्या गाडीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे निघताना तो चालू करायचं राहत नाही. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये फाइल वेव्ह (आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणारा प्रकार), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोनोमध्ये, म्हणजे एकाच माइकच्या एकेरी आवाजात, तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. बोलण्यातला मोठ्यात मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्यावा; तिथे शून्य ही कमाल मर्यादा, तिच्यावर आवाज फाटतो. तांबट आळीत हे फारच सांभाळावं लागेल, कारण आजोबा बोलता बोलता हातोडी उचलून ठोका मारून दाखवणार आणि आवाज फाटणार. फाटलेला आवाज मागाहून पूर्ववत होत नाही. म्हणून भांडं मठारण्याचा आवाज वेगळा घ्यायचा, लांबून, पातळी उतरवून. पण घ्यायचाच, त्या आळीचा इतिहास त्या ठोक्यांतही आहे.

सुरुवातीला नाव, तारीख, ठिकाण बोलून घ्यावं. संमती लेखी असावी. फाइलच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.

पोटाचं विचारलंत. ‘मौखिक इतिहासकार’ अशा पाटीच्या नोकऱ्या आपल्याकडे थोड्याच आहेत, हे तिला आत्ताच सांगा. पण स्वच्छ आवाज घेणारा माणूस आकाशवाणी, माहितीपट, पॉडकास्ट, संग्रहालयं, सगळीकडे लागतो. तिचा कल ओळखायचा एक उपाय सांगते. एका तासाच्या मुलाखतीचं शब्दन्‌शब्द लेखन तिला हातानं करू द्या. चार ते सहा तास सहज जातील. त्यात तिचं लक्ष आवाजाच्या पोताकडे जात असेल, तर पदवीनंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा ध्वनीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षा अवघड असते, तयारी आतापासून हवी. आणि ‘इथे मी पुढचा प्रश्न विचारायलाच हवा होता’ अशी चुटपुट लागत असेल, तर एम.ए. इतिहास किंवा संग्रहालयशास्त्र. महागडा रेकॉर्डर त्यानंतर, पंधरा-वीस मुलाखती गाठीशी आल्यावर.

फक्त ‘परीक्षा झाल्यावर जाईन’ असं ती म्हणाली, तर तेवढं ऐकू नका. माझ्या मावशीनं १९६९च्या गोदावरीच्या पुराची आठवण मला सांगितली होती, आमच्या स्वयंपाकघरात. पाणी वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढलं, हे ती सांगते आणि नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी होते. तेव्हा मी हेडफोन लावले नव्हते. मावशी आता नाही. ती फाइल मी कितीतरी वेळा ऐकली, तो आकडा काही ऐकू येत नाही. आळीत ऐंशीच्या पुढचे जे कुणी असतील, त्यांच्याकडे तिला याच महिन्यात पाठवा.