गळ, गांडूळ आणि चढणीचे मासे

प्रश्न: मे महिन्यात मामाच्या गावी आम्ही भावंडं डोंगर उतरून डोहावर गळ टाकायला जायचो. आता मुलांना तेच दाखवायचंय. काठीचा गळ कसा बांधावा? गेल्या वेळी मासे आमिष खाऊन पसार होत होते. (सातारा)

उत्तर: चिव्याची भरीव काठी घ्या, ८-९ फूट, पोकळ बांबू शेंड्याशी फाटतो. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ०.२० मिलिमीटर जाडीची, मुलांसाठी लांबीला काठीपेक्षा वीतभर कमीच, नाहीतर निम्मा दिवस करवंदीच्या जाळीतून ती सोडवण्यात जाईल. ज्वारीच्या ताटाचा बोटभर भेंड (आतला हलका गाभा) तरंगता राहील असा तंगुसाला बांधा. गरीच्या (टोकाच्या वाकड्या काट्याच्या) ४ बोटं वर शिशाचा मणी, भेंडाचं निम्मं अंग बुडवील एवढाच. भेंड जाड झाला तर माशाला ओढ जड लागते आणि तो आमिष टाकून देतो.

तुमचे मासे मात्र बहुधा गरीमुळे सुटले. डोहातल्या बारक्या माशांचं तोंड इवलंसं असतं. त्यांना १२ नंबरची गरी लागते. आकडा वाढतो तशी गरी लहान होते, हे उलटं समजून पुष्कळजण ४ नंबर आणतात. गांडूळ अख्खं लोंबू देऊ नका, नखाएवढा तुकडा टोक झाकेल असा ओवा. कणीक लावायची तर घट्ट मळा आणि पिंजलेला कापूस चिमूटभर मिसळा, म्हणजे ती पाण्यात सुटत नाही. भेंड नुसता थरथरला तर थांबा. बुडून तिरका सरकला की मनगटाने हलका झटका द्या.

गाठीसाठी तंगूस गरीच्या नेढ्यातून (भोकातून) ओवून तिच्याच अंगाभोवती ५-६ पीळ द्या, टोक नेढ्याजवळच्या फटीतून काढा, थुंकीने ओलं करून आवळा. कोरडी आवळली तर घर्षणाने तापते आणि नेमकी तिथेच तुटते.

प्रश्न: मुलांना चढणीचे मासे दाखवायला जूनमध्ये न्यावं का? (ठाणे)

उत्तर: दाखवायला न्या, धरायला नको. पहिल्या पावसात ओढ्यातून शेतात चढणारा मासा अंडी घालायला निघालेला असतो. पोटातली गाबोळी चविष्ट लागते खरी, पण एक मादी म्हणजे हजारो पिल्लं. बांधावरूनच बघा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर वर पाऊस झालाय; डोक्यावर ऊन असलं तरी लगेच काठ सोडा.

मोठे मासेच बघायचे असतील तर महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड किंवा वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसे. देवाचे म्हणून राखलेले महासीर तिथे अगदी काठाशी येतात. गळ घरीच ठेवा. अभयारण्याच्या हद्दीतही तो काढू नका, आणि धरणाच्या जलाशयात मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते विचारून त्यांची परवानगी घ्या.