हिरो, नायक, वीर आणि 'धीर'

नौपाड्याच्या एका ताईंनी विचारलंय: लेकीला 'खरा हिरो कोण' असा निबंध आलाय आणि शाळेतल्या बाईंनी 'हिरो'ला मराठी शब्द शोधायला सांगितलाय. 'नायक' म्हटलं की सिनेमा आठवतो, 'वीर' म्हटलं की तलवार. मग लिहायचं काय?

बाईंचं मला पटतं. मराठीत रुळताना 'हिरो'चा रोख बदललाय. ठाणे स्टेशनात लोकलच्या दाराला लटकणाऱ्या पोराला "ए हिरो, आत हो!" म्हणतात, ते कौतुकाने नव्हे. 'हिरोगिरी'ही बहुधा बोलणी खातानाच कानावर पडते.

'नायक' आला 'नी' म्हणजे नेणे या धातूपासून. नेता, नयन त्याच घरातले. 'नाईक' आडनावही त्याचंच. नायक म्हणजे पुढे नेणारा. यातून माणसाची जागा कळते, गुण कळत नाही. म्हणूनच 'खलनायक' होऊ शकतो. 'खलवीर' कुणी म्हणत नाही.

'वीर' मात्र ताईंना वाटतो तेवढा तलवारीचा नाही. वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, उत्साह; आणि युद्धवीराच्या पंगतीला दानवीर, दयावीर, धर्मवीरही बसतात. वीरगळ पाहिलेत का? (यातला 'गळ' म्हणजे कानडी 'कल्लु', दगड.) काहींवर गाई कोरलेल्या असतात. गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना जो पडला, त्याचं ते स्मारक. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नावसुद्धा नसतं. बोरिवलीजवळ एकसरला तर समुद्रावरची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. ठाण्याहून फार लांब नाही, लेकीला जरूर दाखवा.

तरी माझा कौल 'धीर' या शब्दाला. संस्कृत नाट्यशास्त्रात नायकाचे चार प्रकार सांगतात: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. स्वभाव चौघांचे वेगळे, पण 'धीर' प्रत्येकाच्या आधी आहेच. संस्कृतात त्याचा अर्थ स्थिर, आणि शहाणाही. मराठीने त्यात जी भर घातली ती मला फार मोलाची वाटते. शौर्य आपण दाखवतो, पराक्रम गाजवतो. धीर धरतो, तो सुटतो, खचतो, आणि मुख्य म्हणजे तो दुसऱ्याला देता येतो.

२६ जुलै २००५ च्या पावसात कळव्याच्या आमच्या चाळीत कमरेएवढं पाणी शिरलं. वीज गेलेली, बाबा अडकलेले. शेजारच्या काकूंनी आम्हा सगळ्या पोरांना माळ्यावर चढवलं आणि उजाडेपर्यंत आमच्याकडून पाढे म्हणून घेतले. आई ती रात्र आजही सांगते, तेव्हा काकूंना शूर म्हणत नाही. ती म्हणते, "काकूंनी धीर दिला गं, म्हणून निभावलं."

एक व्याकरणाची गोष्ट तेवढी सांभाळा. आजच्या मराठीत 'तो एक धीर होता' असं चालत नाही. 'धीराचा माणूस', 'धीराची बाई' म्हणावं. निबंधाचं नाव 'धीर देणारी माणसं' ठेवलं तर बाईंची हरकत नसावी.