टिळक, आगरकर आणि संमतिवयाचा वाद

प्रश्न : टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजातले मित्र, दोघेही इंग्रजी विद्या शिकलेले. मग संमतिवयाच्या, म्हणजे ज्या वयाखालच्या मुलीशी, ती पत्नी असली तरी, केलेला संभोग कायद्याने बलात्कार ठरे त्या वयाच्या, वादात एक उदारमतवादी आणि दुसरा पुराणमतवादी कसा ठरला? टिळकांना बालविवाह मान्य होते काय?

उत्तर : मान्य नव्हते, आणि म्हणूनच या दोन विचारपद्धतींमधला फरक समजून घ्यायला हे उदाहरण फार उपयोगाचे आहे. मुलीचे लग्न सोळाव्या वर्षाआधी व मुलाचे विसाव्या वर्षाआधी करू नये, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करायचेच तर विधवेशी करावे, अशी सूचना टिळकांनीच १८९० मध्ये मांडली होती. अट एवढीच, की तिच्यावर सह्या करतील त्यांनाच ती बंधनकारक असावी.

हे संमतिवय वाढवणारे इंग्रज सरकारचे विधेयक त्या मानाने अगदीच माफक होते. कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगामुळे दगावली; पण कायद्यातली वयोमर्यादा दहाची असल्याने तो बलात्कार ठरू शकला नाही. ती मर्यादा बारावर न्यावी, एवढेच विधेयकाचे म्हणणे होते. तरीही टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. समाजाची घडी समाजानेच, लोकमत तयार करत बदलावी, परक्या सरकारला घरात हात घालू देऊ नये, हा त्यांचा मुद्दा होता. आगरकरांचा भर वेगळ्या ठिकाणी होता. जिला स्वतःचे म्हणणे मांडण्याची सोयच नाही, त्या मुलीने लोकमत तयार होण्याची वाट किती पिढ्या पाहायची?

माझ्या मते खरा भेद सिद्धतेची जबाबदारी कोणावर टाकायची, यात आहे. पुराणमतवादी म्हणतो की रूढी पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे, तेव्हा ती मोडणाऱ्याने आधी आपली बाजू सिद्ध करावी. उदारमतवादी म्हणतो की रूढीने एखाद्या व्यक्तीला इजा होत असेल, तर ती टिकवू पाहणाऱ्यानेच जाब द्यावा. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत पचवलेल्या आगरकरांना शास्त्राधाराची गरज वाटली नाही. संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी मात्र विधेयकाच्या बाजूने शास्त्रवचनेच काढून दाखवली, म्हणजे सुधारणा उदारमतवाद्यांची आणि युक्तिवादाची रीत परंपरेची.

टिळकांचा विरोध केवळ परकी सत्तेला होता, असे त्यांचे चाहते सांगतात, ते अर्धेच खरे आहे. गर्भाधानाच्या, म्हणजे मुलीला ऋतू प्राप्त झाल्यावरच्या पहिल्या समागमाच्या, धर्मविधीत हा कायदा आड येतो, हा युक्तिवादही त्यांनी हिरिरीने केला होता, आणि सनातनी मंडळी त्यांच्यामागे उभी राहिली ती बहुतांशी त्यासाठीच.

ही लेबले माणसाला जन्मभर चिकटवता येत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. राजकारणात टिळक जहाल आणि विधेयकाचे समर्थक रानडे मवाळ. त्याच रानड्यांनी पहिली पत्नी वारल्यावर, १८७३ मध्ये, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून विधवेऐवजी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले होते.

विधेयक १९ मार्च १८९१ रोजी संमत झाले. लग्नाच्या वयालाच हात घालणारा सारडा कायदा पुढे १९२९ मध्ये आला आणि त्यात मुलीचे वय १४ ठरले, म्हणजे टिळकांच्या सूचनेहून दोन वर्षांनी कमीच.