मेटाडेटा स्कीमा : 'अधिविदा संरचना' की 'तपशील-नमुना'?

प्रश्न असा आहे : पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवणाऱ्या गटासाठी मराठी पुस्तिका लिहायची आहे. त्यात 'मेटाडेटा स्कीमा'ला, म्हणजे डेटाबद्दलची माहिती कोणत्या रकान्यांत कशी भरायची याच्या ठरलेल्या साच्याला, 'अधिविदा संरचना' आणि 'अ‍ॅक्सेस'ला 'प्रवेश' म्हटलं तर चालेल का?

माझं मत विचाराल तर दोन्ही टाळा.

'डेटा'साठी 'विदा' हा शब्द इंटरनेटवरच्या मराठीत बऱ्यापैकी रुळला आहे, शाळेच्या गणितात मुलं 'सामग्री' म्हणतात. 'विदा' सुटसुटीत आहे, पण विभक्ती लागली की लोक अडखळतात. 'विदाचा' म्हणायचं की 'विदेचा'? भरभर बोलताना त्याची 'विद्या'ही होते. त्याच्याआधी 'अधि' लावला की अडचण वाढते. अधिकार, अधीक्षक, अधिनियम या शब्दांमुळे 'अधि' म्हटलं की वरचढपणा मनात येतो. 'मेटाडेटा'तल्या 'मेटा'चा अर्थ मात्र साधा 'त्याबद्दलचा' असा आहे. नोंदी भरणाऱ्याला 'अधिविदा' म्हणजे 'अधिक विदा' वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. पुस्तिकेत 'मेटाडेटा' तसाच ठेवा, पहिल्या उल्लेखाला 'डेटाबद्दलची माहिती' असं सांगा आणि भरायच्या कागदावर 'नोंदीचा तपशील' लिहा.

'स्कीमा'साठी मात्र आपल्याकडे फार चांगला शब्द आहे : नमुना. 'विहित नमुन्यात अर्ज करावा' हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची जोडी. कोणते रकाने असतील, कोणता रिकामा सोडून चालणार नाही, कशात काय आणि कसं लिहायचं, हे आधीच ठरवून दिलेलं असणं म्हणजेच स्कीमा, आणि महसुली मराठीत 'नमुना' याच अर्थाने रोज वापरला जातो. 'संरचना' या शब्दात हा विहितपणा येत नाही. 'आकृतिबंध' सुचवणारेही भेटतात. पण सरकारी कचेरीत आकृतिबंध म्हणजे पदांची मंजूर मांडणी आणि समीक्षेत कवितेची घडण, तेव्हा तो तिथेच बरा. एक खबरदारी घ्यायला हवी. विज्ञानात 'रक्ताचा नमुना', 'मातीचा नमुना' असतात, म्हणून नुसता 'नमुना' न लिहिता 'तपशील-नमुना' लिहा. त्यातल्या एकेका जागेला 'घटक' म्हणण्यापेक्षा 'रकाना' म्हणा.

शब्दांचा खरा कस रकान्यांच्या नावांत लागतो. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस घ्या. '२६ जुलै, मुंबई, ९४४' एवढंच नोंदवलं, तर त्यातल्या तिन्ही गोष्टी अपुऱ्या आहेत. ९४४ मिमी पाऊस झाला तो सांताक्रूझला. कुलाब्याला त्याच चोवीस तासांत ७५ मिमीसुद्धा झाला नाही. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते सकाळी ८:३० असा धरतात आणि आकडा मोजणी संपते त्या तारखेला लिहितात. म्हणून लोकांच्या आठवणीत २६ तारखेचा असलेला हा पाऊस दप्तरात २७ जुलैला सापडतो. म्हणजे 'दिनांक' हा रकाना एकट्याने पुरत नाही. 'मोजणी संपल्याचा दिनांक व वेळ', 'मोजणीचा कालावधी' आणि 'प्रमाणवेळ' असे तीन रकाने हवेत, कारण आपले सकाळचे ८:३० जागतिक प्रमाणवेळेत ३:०० असतात. 'ठिकाण' ऐवजी 'केंद्राचं नाव' लिहा, आणि 'परिमाण' की 'एकक' असा वाद झाला तर 'एकक' घ्या.

हवामानाच्या डेटासाठी जगभर वापरले जाणारे 'सीएफ' ('क्लायमेट अँड फोरकास्ट') संकेत, म्हणजे फायलीतली नावं आणि एककं कशी लिहायची याचे नियम, याच काळजीने केलेले आहेत. त्यात 'रेनफॉल' आणि 'प्रेसिपिटेशन' अशी नावं वेगळी आहेत, कारण दुसऱ्यात बर्फही येतो. आपल्या शालेय भूगोलात त्या व्यापक अर्थासाठी 'वृष्टी' आहेच. मग पर्जन्यमापकाच्या रकान्याला 'पाऊस' आणि जिथे हिमही मोजलं जातं तिथे 'वृष्टी', हा भेद मराठीत सहज पाळता येतो. तो पाळायलाच हवा. फायलीतली, यंत्राने वाचायची नावं मात्र संकेतात आहेत तशीच ठेवा, त्यांचं भाषांतर करू नका. माणसाला पडद्यावर दिसणारं नाव आणि व्याख्या मराठीत द्या.

आता 'अ‍ॅक्सेस'. प्रवेश माणसाला मिळतो, शाळेत किंवा सभागृहात. डेटा आपल्याला 'मिळतो' किंवा मिळत नाही. शिवाय इंग्रजीतल्या या एका शब्दात दोन प्रश्न दडलेले आहेत : कोणाला पाहता येईल, आणि कुठून, कसा मिळेल. पहिल्यासाठी 'वापराची मुभा', दुसऱ्यासाठी 'मिळण्याचं ठिकाण' असे दोन रकाने करा. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डब्लिन गावच्या बैठकीतून आकाराला आलेल्या 'डब्लिन कोअर' या मेटाडेटा स्कीमाच्या पंधरा रकान्यांतही हक्क आणि ओळखक्रमांक वेगवेगळे ठेवले आहेत. तिथल्या 'क्रिएटर'ला 'निर्माता' म्हणू नका, सिनेमा आठवतो. तुमच्या वह्यांसाठी 'नोंद घेणारा' हेच बरोबर. 'निरीक्षक' म्हटलं की तपासणीला आलेला साहेब उभा राहतो.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगतो. वहीत कोरा रकाना, शून्य आणि 'पाऊस पडला पण मोजता आला नाही' या तीन निराळ्या गोष्टी आहेत. संगणकावर चढवताना तिन्हींचं शून्य झालं की ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. कोऱ्यासाठी 'नोंद नाही' आणि शून्यासाठी 'पाऊस नाही' हे शब्द ठरवून टाका. तिसऱ्यासाठी 'तुरळक' वापरण्याचा मोह होईल, पण हवामानाच्या बातमीपत्रात 'तुरळक ठिकाणी' हे पाऊस किती जागी पडला ते सांगतं, किती पडला ते नाही. तिथे 'मोजता न येण्याइतका' लिहा. लांब आहे, पण वहीत नोंद घेणाऱ्याने जे पाहिलं तेच त्यात आहे.