टेम्पर्ड कॉर्ड 'बेसूर' नव्हे, मुरडलेला

खानापूरचे एक वाचक भजनी मंडळात कीबोर्ड वाजवतात. हल्ली ते सूक्ष्मस्वरांच्या, म्हणजे नेहमीच्या बारा सुरांच्या अधल्यामधल्या सुरांच्या, संगीताबद्दल वाचताहेत आणि त्यात 'टेम्पर्ड कॉर्ड' हा शब्द त्यांना सारखा भेटतो. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले अनेक सूर, आणि टेम्पर्ड म्हणजे ते शुद्ध जागेपासून जरा हलवलेले. त्यांनी विचारलंय, मराठीत याला 'बेसूर स्वरमेळ' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हे 'बेसूर' ऐकून कान किटलेत. बेळगावात मैफलीला पेटी आली की मागून कोणीतरी म्हणणारच, "टेम्पर्ड पट्ट्या, बेसूरच वाजूलाय की!" ज्या गावात रामभाऊ विजापुऱ्यांनी पेटी वाजवली, शिकवली, त्या गावात हे बोलवतं तरी कसं? बेसूर म्हणजे सूर सुटला आणि सोडणाऱ्याला पत्ता नाही. टेम्पर केलेला सूर जाणूनबुजून हलवलेला असतो. किती हलवला हे मोजलेलं असतं, कशासाठी हलवला हेही ठाऊक असतं. कोणी 'संस्कारित' सुचवतात. तो शब्द फार सैल आहे, सुरावर केलेली कुठलीही गोष्ट त्यात मावते.

टेम्पर म्हणजे राग, टेम्परेचर म्हणजे ताप, हे सगळ्यांना माहीत आहे. पोलादाचं टेम्पर उद्यमबागेतल्या कुठल्याही कारखान्यात कळेल. मूळ लॅटिन 'टेम्पेरारे'. त्याचा एक अर्थ योग्य प्रमाणात मिसळणं आणि दुसरा स्वतःला आवरणं. हा दुसरा अर्थ वाचला की मराठी माणसाच्या तोंडी आपोआप काय येतं? मनाला मुरड घालणं! आवरणंही त्यात आहे आणि वळवणंही. करंजीची कड आपण मुरडतो ती बिघडवायला नाही, सारण आत राहावं म्हणून.

आता या 'मुरड'चं घराणं बघा. पाय मुरगळतो, कान मुरगाळतात, नाक मुरडतात, पोटात मुरडा येतो, नवी नवरी मुरका मारते, आणि गाण्यात मुरकी येते. सगळीकडे 'मुर' आहे आणि सगळीकडे वळण, पीळ आहे. (लोणचं मुरतं ते यातलं नव्हे. तिथे वळण नाही, त्याला बाजूला ठेवा.) म्हणजे हा शब्द मुरकीच्या रूपाने गाण्याच्या घरात आधीच राहतोय, आपण त्याला बाहेरून आणत नाही.

हा 'मुर' आला कुठून? मराठी शब्दांची मुळं संस्कृतात शोधणाऱ्या वि. का. राजवाड्यांच्या वळणाने जाणारे अभ्यासक इथे लगेच संस्कृत 'मोटन' पुढे करतील. मोटन म्हणजे चुरडणं, मोडणं. त्यातून 'मोडणं' खुशाल काढा, पण 'मुरड'मधला र त्यात कुठे आहे? आणि करंजीची कड कोण चुरडतं? आपल्या शेजारच्या कन्नडात 'मुरि' आहे. त्याचा अर्थ मोडणं, तसाच वाकवणं, वळवणं. तमिळात 'मुरुक्कु' म्हणजे पीळ देणं, आणि त्यांची ती प्रसिद्ध पिळाची चकलीही मुरुक्कूच. र जागेवर, पीळ जागेवर. 'मुरड' ही दक्षिणेकडून आलेली आहे असं माझं ठाम मत आहे. मराठीच्या मुळाशी कन्नड किती आहे हे आवर्जून मांडणारे शं. बा. जोशी आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचे सगळेच निष्कर्ष मी मानत नाही, पण घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या भागाने तरी 'मुरि' ऐकून कान झाकू नयेत.

आता कॉर्ड. भूपाचे पाच सूर घ्या आणि शुद्ध, म्हणजे साध्या पूर्णांकांच्या गुणोत्तरांनी लावा (आकडे सेकंदाला होणाऱ्या कंपनांचे): सा २४०, रे २७०, ग ३००, प ३६०, ध ४००. एकामागून एक गाऊन बघा, सुरेख. पण पाचही एकदम दाबा. सा-प जुळतो, ग-ध जुळतो, रे-ध मात्र ओरडतो. रे २७० असेल तर त्याच्या दीडपटीला ध ४०५ हवा, आणि आपला ध आहे ४००. ध ४०५ केला की ग-ध फाटतो. रे खाली ओढून २६६.७ केला की प-रे फाटतो. पाचांनाही शुद्ध ठेवून हा कॉर्ड कधीच जुळणार नाही. ४०० आणि ४०५ यांतलं अंतर, म्हणजे ८१:८० हा कॉमा, कुठेतरी पचवावाच लागतो.

मग मुरड घाला. सा-प, प-रे, रे-ध, ध-ग या चारही जोड्यांना त्या कॉमाचा चौथा-चौथा भाग वाटून द्या. ग ३०० वर शुद्धच राहतो, रे २६८.३, प ३५८.९, ध ४०१.२ होतो. एकही जोडी आता ओरडत नाही. तुमचा कीबोर्ड हेच वेगळ्या वाटणीने करतो: त्यात प जवळपास शुद्ध, ३५९.६, पण ग चढून ३०२.४ वर जातो. पेटीच्या गंधाराबद्दलची तक्रार खरी आहे ती एवढीच.

इथे २२ श्रुतींच्या, म्हणजे सप्तकात बाराऐवजी २२ सूक्ष्म सूर असलेल्या, पेटीचे कैवारी मला अडवतील. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं, क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्यासोबत श्रुतींची पेटी घडवून घेण्यापर्यंत ते गेले. त्या कामाबद्दल मला आदर आहे. षड्जाच्या आधाराने एकच सूर पुढे जातो त्या गाण्यात जास्त पट्ट्यांचा उपयोग आहेच. पण जास्त पट्ट्या आल्या की टेम्परची गरज संपते, हे साफ चूक. त्या पेटीत ४०० चा ध असेल, ४०५ चाही असेल. कॉर्ड दाबताना कुठला दाबाल? दोन्ही दाबलेत तर सेकंदाला पाच ठोके, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतील.

तेव्हा दोन शब्द वापरा. शुद्ध रूप असलेला कॉर्ड, उदाहरणार्थ सा-ग-प, कीबोर्डवर वाजला तर तो 'मुरडलेला स्वरमेळ'. आणि भूपाच्या पाच सुरांसारखा, मुरडल्याशिवाय जुळतच नाही असा कॉर्ड असेल तर 'मुरडीचा स्वरमेळ'. सूक्ष्मस्वरांचे अभ्यासक या दुसऱ्या प्रकाराला वेगळं नाव देतात, मराठीतही ते वेगळंच हवं.