युनियन असलेल्या कारखान्यात सुपरवायझरने कसे वागावे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कारखान्याच्या दृष्टीने युनियनशी बोलणारा माणूस म्हणजे एचआर मॅनेजर. पण कामगाराच्या दृष्टीने कंपनी म्हणजे त्याचा सुपरवायझर. वेतनकरारावर सह्या वरच्या मजल्यावर होतात आणि तो पाळला किंवा मोडला जातो तो लाइनवर. या अंकात आम्ही सुपरवायझरांनीच विचारलेले चार प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी अनेक वर्षे ऑपरेटर होतो आणि युनियनचा सभासदही होतो. आता मला लाइन सुपरवायझर केले आहे. माझ्याच लाइनवर युनियनचे एक कमिटी मेंबर आहेत. ते पाळी चालू असताना ‘युनियनचे काम आहे’ एवढेच सांगून मशीन सोडून जातात. अडवले तर ‘खुर्ची मिळाली की माणूस बदलतो’ हे ऐकावे लागते. न अडवले तर उत्पादन का घटले, याचा जाब मला द्यावा लागतो. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत : जुने संबंध आणि मशीन सोडून जाणे. दुसरी आधी घेऊ, कारण ती सुटली की पहिलीचा भार पुष्कळ हलका होतो.

सगळ्यात आधी चालू वेतनकराराची प्रत मिळवा आणि स्वतः वाचा. पदाधिकाऱ्यांना संघटनेच्या कामासाठी किती वेळ मिळेल, परवानगी कोणी द्यायची आणि त्यांच्या जागी माणूस कसा द्यायचा, याची कलमे पुष्कळ करारांत असतात. कमिटी मेंबरला ती पाठ असतात आणि सुपरवायझरने ती पाहिलेलीही नसतात, अशी स्थिती आम्हाला वारंवार दिसते, आणि अनेक वाद खरे म्हणजे तिथेच हरलेले असतात. कायद्याची बाजूही माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याच्या कलम 20 नुसार मान्यताप्राप्त संघटनेच्या अधिकृत प्रतिनिधींना वाद टाळण्यासाठी किंवा मिटवण्यासाठी कारखान्याच्या आवारात सभासदांशी चर्चा करता येते, मात्र कामकाजात अडथळा येणार नाही अशा रीतीने. म्हणजे जाण्याचा हक्क त्यांचा आहे आणि काम अडू नये ही अट त्यांच्यावरही आहे.

म्हणून ‘का जाता?’ असे विचारू नका, ‘कधी जाता?’ हे विचारा. पाळी सुरू होण्यापूर्वी, इतरांसमोर नव्हे, बाजूला घेऊन असे म्हणता येईल : ‘भाऊ, तुम्हाला जावे लागते हे मला मान्य आहे. मला पंधरा मिनिटे आधी सांगा, मी मशीनवर माणूस उभा करतो. रजिस्टरमध्ये जाण्याची आणि येण्याची वेळ तेवढी लिहा.’ कामाचे स्वरूप विचारू नका; एखाद्या सभासदाची तक्रार त्यांनी तुम्हाला सांगावी अशी सक्ती करण्याचा तुम्हाला अधिकार नाही. रजिस्टर मात्र रोज भरले गेले पाहिजे, कारण पुढे मॅनेजरकडे जायची वेळ आलीच तर ‘ते नेहमीच जातात’ हे वाक्य कोणाच्याही उपयोगाचे नसते, तारखा आणि वेळा उपयोगाच्या असतात.

करारात असे कलमच नसेल आणि ही सवलत वर्षानुवर्षे चालत आलेली असेल, तर ती स्वतःच्या अधिकारात बंद करू नका. रूढीने मिळत आलेली सवलत काढून घेणे हा सेवाशर्तींतील बदल ठरू शकतो आणि त्यासाठी 21 दिवसांची बदलाची नोटीस देण्याची तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तो निर्णय व्यवस्थापनाचा आहे. तुमचे काम वस्तुस्थिती लेखी कळवण्याचे.

आता जुन्या संबंधांविषयी. मैत्री तोडण्याची गरज नाही, पण कॅन्टीनमध्ये युनियनच्या निवडणुकीवर, कोणत्या गटात कोण आहे यावर किंवा ‘त्या युनियनच्या नादी लागू नका’ अशा सल्ल्यावर तुमच्या तोंडून एक शब्दही निघता कामा नये. ऑपरेटर असताना ते तुमचे मत होते. आज तेच वाक्य कंपनीचे समजले जाते. संघटनेत सामील होण्यापासून कामगाराला रोखणे किंवा एखाद्या संघटनेला आपल्या बाजूने बळ देणे, या दोन्ही गोष्टी 1971 च्या त्याच कायद्यातील मालकाच्या अनुचित प्रथांच्या यादीत आहेत. कायदा एकतर्फी मात्र नाही. जाणूनबुजून मंदगतीने काम करणे, घेराव घालणे, अधिकाऱ्यांच्या घरासमोर निदर्शने करणे यांना त्याच कायद्याने संघटनांच्या अनुचित प्रथा ठरवले आहे.

प्रश्न : नाशिकच्या अंबड भागातील एका प्रेस शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. एका कामगाराने सर्वांसमोर पॉवर प्रेस (पत्रा दाबून आकार देणारे यंत्र) चालवायला नकार दिला आणि मोठ्या आवाजात बोलला. मीही रागाच्या भरात ‘चल, गेटबाहेर हो’ म्हणालो. नंतर ‘कामगार उद्धटपणे वागला व आदेश पाळला नाही’ असा अहवाल दिला. आता युनियन म्हणते की प्रेसच्या दोन बटणांपैकी एक अडकलेले होते. मॅनेजरसाहेब म्हणतात, ‘चौकशी तुम्हीच करून टाका.’ मी ती करावी का?

उत्तर : चौकशी तुम्ही करू नये. तुम्ही या प्रकरणातले साक्षीदार आहात आणि साक्षीदाराला निवाडा करता येत नाही. पश्चिम बंगालमधील मीनग्लास चहामळ्याच्या प्रकरणात नेमके हेच घडले होते. मजुरांच्या जमावाने आपल्यावर हल्ला केल्याचे ज्या व्यवस्थापकांचे म्हणणे होते, तेच चौकशीला बसले आणि मजुरांसमोर साक्षीदार तपासले गेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये ती चौकशी सदोष ठरवली. त्याच वर्षी सूर एनॅमल कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने चौकशीच्या किमान अपेक्षा सांगितल्या : कामगाराला आरोप स्पष्ट कळवलेले असावेत, साक्षी त्याच्यासमोर व्हाव्यात, उलटतपासणीची आणि स्वतःची बाजू साक्षीदारांसह मांडण्याची त्याला संधी मिळावी आणि चौकशी अधिकाऱ्याने निष्कर्ष कारणांसह लिहावेत. मॅनेजरसाहेबांना हे दोन निकाल दाखवा. सांगण्याची पद्धत नम्र ठेवा, पण नकार ठाम द्या.

तुमच्या हातात जे होते आणि अजूनही आहे, ते म्हणजे अहवाल. तुमच्या अहवालातला ‘उद्धटपणे’ हा शब्द तुमचा निष्कर्ष आहे, घटना नव्हे. चौकशीत युनियनचा प्रतिनिधी पहिला प्रश्न विचारेल, ‘उद्धटपणे म्हणजे नेमके काय म्हणाला?’ आणि तोपर्यंत शब्द आठवणीतून गेलेले असतील. अहवाल असा असायला हवा होता : ‘दुपारी 3.40 वाजता मी प्रेसजवळ जाऊन काम सुरू करण्यास सांगितले. त्यांनी “बटण अडकतंय, हात गेला तर कोण देणार? मी नाही चालवत” असे मोठ्याने म्हटले. जवळ दोन ऑपरेटर व एक हेल्पर उभे होते. मी बटण तपासले नाही. मी त्यांना गेटबाहेर जाण्यास सांगितले. ते 3.50 ला टाइम ऑफिसकडे गेले.’ यात तुमच्या विरुद्ध जाणाऱ्या दोन ओळी आहेत आणि त्यांच्यामुळेच बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

तुमच्या प्रकरणाचा गाभा त्या बटणात आहे. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, ही रचना हात वाचवण्यासाठी असते. एक बटण अडकून राहिले की दुसरा हात डायखाली, म्हणजे प्रेसच्या साच्याखाली, मोकळा राहतो. बोटे गमावलेले ऑपरेटर प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या कोणीही पाहिलेले असतात. ‘आधी आदेश पाळा, तक्रार नंतर करा’ हा शिस्तीचा सर्वसाधारण नियम योग्यच आहे, पण जिवाला किंवा अवयवाला धोका असल्याचे कामगार प्रामाणिकपणे सांगत असेल तिथे तो लागू करणे आम्हाला अन्यायाचे वाटते. अशा वेळी क्रम ठरलेला असावा : मशीन थांबवा, मेंटेनन्सला बोलवा, तपासणीची नोंद करा, तोपर्यंत त्या माणसाला दुसरे काम द्या. बटण ठीक निघाले आणि तरीही तो नकार देत असेल, तर तुमची बाजू भक्कम होते. बटण खरेच अडकत असेल, तर तुम्ही एक अपघात टाळलेला असतो.

‘गेटबाहेर हो’ हे मात्र कोणत्याही परिस्थितीत म्हणायचे नाही. निलंबनाचा अधिकार स्थायी आदेशांनुसार (कारखान्याच्या सेवा व शिस्तीच्या लेखी नियमांनुसार) ज्याच्याकडे आहे त्याचाच असतो आणि तो लेखी वापरायचा असतो. सुपरवायझरचे हे तोंडी वाक्य उद्या ‘मला तोंडी कामावरून काढले’ या तक्रारीचे पहिले वाक्य होऊ शकते. आमचा सल्ला असा की पूरक अहवाल आजच द्या. त्यात बटणाचा मुद्दा आणि तुमचे वाक्य दोन्ही लिहा आणि मेंटेनन्सच्या नोंदवहीतील त्या दिवसाचे पान जोडा. अपराध किरकोळ किंवा तांत्रिक असताना मागचे सेवापुस्तक न पाहता कामावरून काढणे, हीदेखील 1971 च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. त्यामुळे प्रकरण पुढे गेले तर कंपनीला तुमच्या या पूरक अहवालाचाच आधार होईल.

प्रश्न : वाळूज येथील आमच्या कारखान्यात दोन युनियन आहेत, त्यांतील एक मान्यताप्राप्त आहे. ओव्हरटाइम मी देतो. ‘साहेबांच्या मर्जीतल्यांनाच ओटी मिळतो’ अशी तक्रार दुसऱ्या युनियनने केली आहे. खरे तर जो काम चांगले करतो त्यालाच मी थांबवतो. यात चूक काय?

उत्तर : तुमचा हेतू चांगला असेल, पण तो कोणाला दिसत नाही, दिसते ती यादी. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो, त्यामुळे तो कोणाला द्यायचा हा निर्णय म्हणजे पगार वाटण्याचाच निर्णय आहे. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरच्या, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाच्या, हाती भरती आणि बदली कामगारांना रोज काम देणे हे दोन्ही होते आणि त्यातून दस्तुरी, म्हणजे काम देण्याबद्दल कामगाराकडून पैसे, घेण्याची रीत रुजली. 1931 मध्ये अहवाल देणाऱ्या, कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या रॉयल कमिशनने भरती जॉबरच्या हातून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावी अशी शिफारस केली ती याच अनुभवामुळे. तुम्ही दस्तुरी घेत नाही याची आम्हाला शंका नाही. पण एका माणसाच्या मर्जीवर चालणारी वाटणी प्रामाणिक असली तरी संशयाला जागा देतेच.

गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकते माप देणे ही 1971 च्या कायद्यात आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही अनुचित प्रथा आहे, आणि करार न पाळणे हीसुद्धा. म्हणून ओटीचा क्रम ठरवा आणि फलकावर लावा. एखाद्या कामाला विशिष्ट कौशल्य लागत असेल, उदाहरणार्थ सीएनसी मशीनचे सेटिंग, तर त्या कामासाठी पात्र असलेल्यांची वेगळी यादी करा आणि तिच्यातही क्रम ठेवा. ज्याने नकार दिला त्याच्या नावापुढे ‘नाकारले’ असे लिहून त्याची सही घ्या. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाचे तास एका कागदावर मांडा. दोन्ही युनियनच्या लोकांना तो पाहता येऊ द्या.

दुसऱ्या युनियनला मान्यता नाही म्हणून तिची तक्रार परत पाठवू नका. सामूहिक बोलणी मान्यताप्राप्त युनियनशीच होतील, हे खरे. पण तक्रार करणारा कामगार तुमचाच आहे, आणि 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे संहितेनुसार बंधनकारक आहे. तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात, एकूण सदस्य दहापेक्षा जास्त नसतात आणि अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत तिने काम पूर्ण करायचे असते. कामगाराला त्या समितीचा रस्ता तुम्हीच दाखवा. तुमचा कागद स्वच्छ असेल तर तिथे जाण्यात तुमचे काहीही जात नाही.

प्रश्न : गोव्यातील वेर्णा येथील कारखान्यात मला ‘सुपरवायझर’ हे पदनाम दिले आहे, पण मी दिवसभर मशीनच चालवतो. कंपनी म्हणते, आता युनियनचा राजीनामा द्या. द्यावा लागेल का?

उत्तर : केवळ पदनामावरून हे ठरत नाही. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिन्याला 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस संहितेतील ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जातो. पण तो खरोखर पर्यवेक्षणच करतो का, हे प्रत्यक्षातील मुख्य कामावरून पाहायचे, ही न्यायालयांची जुनी आणि स्थिर भूमिका आहे. तुम्ही कोणाची रजा मंजूर करता का, काम वाटून देता का, कोणाच्या कामाचा अहवाल लिहिता का, याची उत्तरे ‘नाही’ अशी असतील तर राजीनाम्याची घाई करू नका. नेमणूकपत्र, पगारपत्रक आणि रोजच्या उत्पादन नोंदीच्या प्रती जपून ठेवा आणि कंपनीकडे तिची मागणी लेखी मागा.